फिशिंग मेल: कसा तपासायचा आणि क्लिक झालंच तर काय करायचं

फिशिंग म्हणजे खोटा मेल किंवा बनावट साइट दाखवून पासवर्ड, पैसे उकळण्याचा प्रकार. त्याला बळी पडतात ते वयस्कर, कमी शिकलेले किंवा संगणकाला नवखे लोक, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. ती आधी बाजूला ठेवू. 2006 साली हार्वर्ड आणि बर्कली इथल्या संशोधकांनी 22 जणांना 20 वेबसाइट दाखवून खरी कुठली आणि बनावट कुठली ते ओळखायला सांगितलं. काही साइट बनावट असणार याची त्यांना कल्पना होती. तरीही सर्वांत सफाईदार बनावट साइटने 90 टक्के लोकांना चकवलं. वय, शिक्षण, लिंग, संगणकावर घालवलेले तास, यांपैकी कशाचाही फसण्याशी ठळक संबंध आढळला नाही. 23 टक्के लोकांनी ॲड्रेस बारकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. लोगो, मांडणी आणि मजकूर बघून त्यांनी निकाल दिला.

लोगो आणि मांडणी कॉपी करायला काही मिनिटं पुरतात, आणि आपण नेमकं तेच बघून विश्वास ठेवतो. त्यामुळे 'मेल खरा दिसतो का' हा प्रश्न फारसा कामाचा नाही. पुढच्या पायऱ्या दोन गोष्टींवर उभ्या आहेत. जिथे खोटेपणा लपवणं अवघड असतं त्या जागा वाचायला शिकायचं, आणि शंका असो वा नसो, मेलमधल्या लिंकवरून लॉगिन करायचंच नाही.

(खालचे वेबपत्ते देवनागरीत लिहिले आहेत. ब्राउझरमध्ये ते रोमन लिपीत दिसतील, वाचायची रीत तीच.)

पायरी 1: मेल तुमच्याकडून काय करून घेऊ पाहतोय?

पाठवणारा कोण, भाषा कशी, हे नंतर. आधी मागणी शोधा. लिंक उघडून लॉगिन करा, अटॅचमेंट उघडा, पैसे पाठवा किंवा खाते क्रमांक बदला, एखाद्या ॲपला परवानगी द्या, या नंबरवर फोन करा. फिशिंगच्या बहुतेक मेलमध्ये यांपैकी एक मागणी असते. काहीच न मागणारा एक चलाख प्रकारही आहे. वरिष्ठांच्या नावाने दोन शब्दांचा मेल येतो, 'आहात का जागेवर?' तुम्ही 'हो' म्हटलंत की दुसऱ्या मेलमध्ये गिफ्ट कार्डं विकत घेण्याचं काम येतं. पहिल्या मेलमध्ये लिंक नसते, फाइल नसते, त्यामुळे फिल्टरच्या हाती काही लागत नाही.

मागणी सापडली की तिच्याभोवती घाई आहे का ते पाहा. 'चोवीस तासांत खातं बंद होईल', 'पार्सल परत जाईल', 'मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका'. यातलं शेवटचं वाक्य सर्वांत वाईट, कारण ते तुमच्यासाठी खातरजमेची एकमेव सोपी वाट बंद करतं. फोन करू नका असं सांगणाऱ्या मेलनंतर फोन करायचाच.

व्याकरणाच्या चुका शोधायचा जुना सल्ला आता विसरलात तरी चालेल. चुका असल्या तर संशय घ्या. पण चुका नसणं हा कसलाच पुरावा नाही, कारण आता निर्दोष मजकूर कुणीही काही सेकंदांत तयार करून घेऊ शकतो. मेलमध्ये तुमचं पूर्ण नाव, फोन नंबर, अगदी एखादा जुना पासवर्ड असला तरी पाठवणारा तुम्हाला ओळखतो असं होत नाही. कुठल्या तरी सेवेतून फुटलेल्या याद्यांमधून हे सगळं मिळतं.

पायरी 2: पाठवणाऱ्याचं नाव सोडा, पत्ता वाचा

मेल पोहोचवणारी एसएमटीपी ही पद्धत 1982 सालची. तेव्हा नेटवर्कवर मोजकी माणसं होती, त्यामुळे 'प्रेषक' या ओळीत लिहिलेलं नाव खरं आहे का हे तपासायची सोयच तिच्यात ठेवलेली नव्हती. आजही दिसणारं नाव पाठवणारा स्वतः टाइप करतो. तिथे तो 'बँक ग्राहक सेवा' लिहू शकतो, तुमच्या बहिणीचं नावही लिहू शकतो.

फोनवर बऱ्याच ॲपमध्ये फक्त नाव दिसतं, पत्ता झाकलेला असतो. जीमेलमध्ये नावाखालच्या 'टू मी' या शब्दांवर टॅप केलं, किंवा संगणकावर त्याशेजारच्या बाणावर क्लिक केलं, की पूर्ण पत्ता उघडतो. तिथे तीन गोष्टी पाहा. ॲट चिन्हाच्या उजवीकडचा भाग, म्हणजे डोमेन. 'रिप्लाय टू' अशी वेगळी ओळ असेल तर तिथला पत्ता, कारण तुमचं उत्तर तिकडे जाणार आहे. आणि संगणकावर 'मेल्ड बाय' व 'साइन्ड बाय' समोर कुठलं डोमेन आहे.

आणखी खोलात जायचं असेल तर जीमेलमध्ये तीन ठिपक्यांच्या मेनूतून 'शो ओरिजिनल' निवडा. वरच्या चौकटीत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशी तीन नावं आणि त्यांच्यापुढे 'पास' किंवा 'फेल' दिसेल. एसपीएफ म्हणजे त्या डोमेनच्या वतीने मेल पाठवायची मुभा असलेल्या सर्व्हरची यादी. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. वर दिसणाऱ्या प्रेषकाचं डोमेन या दोहोंपैकी किमान एका पास झालेल्या गोष्टीच्या डोमेनशी जुळतं का, हे डीमार्क बघतो. नामांकित कंपनीच्या पत्त्यावरून आलेल्या मेलला डीमार्कमध्ये 'फेल' असेल तर तो बाजूला काढा.

इथे नवशिके हमखास उलटा अर्थ लावतात. तिन्ही ठिकाणी 'पास' म्हणजे मेल खरोखर त्या डोमेनवरून आला, एवढंच. ते डोमेनच भामट्याने काल विकत घेतलेलं असेल, तर त्याच्याही मेलला तिन्ही 'पास' मिळतात. ओळखीच्या माणसाचं खातं हॅक झालं असेल तरीही मिळतात. तुमच्याच जुन्या संभाषणाला उत्तर म्हणून, खऱ्या पत्त्यावरून, 'सुधारित फाइल जोडली आहे' असा मेल येणं हा त्यातला सर्वांत फसवा प्रकार. तिथे पत्ता तपासून काही हाती लागत नाही, फोन करून विचारावं लागतं.

पायरी 3: लिंक वाचायला शिका

या पायरीला वेळ द्या. सगळ्या लेखातलं हेच एक कौशल्य सरावाने येतं.

संगणकावर माउस लिंकवर नुसता न्या, क्लिक करू नका. खरा पत्ता खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात किंवा छोट्या चौकटीत दिसतो. फोनवर लिंक दाबून धरा. आयफोनवर दाबून धरल्यावर पानाची झलक उघडते, म्हणजे पान थोडंफार लोड होतंच. तिथे 'हाइड प्रीव्ह्यू' निवडलं की यापुढे फक्त पत्ता दिसेल. मेलमध्ये दिसणारे निळे शब्द आणि त्यामागचा पत्ता यांचा एकमेकांशी काही संबंध असायलाच हवा असं नाही. निळ्या अक्षरांत बँकेचा अचूक पत्ता लिहून मागे दुसरंच काही ठेवता येतं.

आता हा पत्ता पाहा:

एचटीटीपीएस://माझीबँक.कॉम.खाते-तपासणी.नेट/लॉगिन

दोन तिरप्या रेघांनंतर पुढची पहिली एकटी तिरपी रेघ शोधा. इथे ती 'लॉगिन'च्या आधी आहे. त्या रेघेपासून डावीकडे मागे वाचत या: 'नेट', मग 'खाते-तपासणी'. मालक हाच, खाते-तपासणी.नेट. त्याच्या डावीकडे 'माझीबँक.कॉम' लिहिलंय ती निव्वळ सजावट. खाते-तपासणी.नेटचा मालक तिथे हवं ते लिहू शकतो. आपण डावीकडून वाचतो, ओळखीचं नाव दिसलं की थांबतो, आणि फोनवर तर उरलेला भाग स्क्रीनबाहेरच असतो. सगळा डाव या सवयीवर बेतलेला आहे.

काही देशांच्या पत्त्यांचा शेवट दोन तुकड्यांचा असतो, उदाहरणार्थ 'को.यूके'. तिथे मालकाचं नाव उजवीकडून तिसऱ्या तुकड्यात असतं. तिरप्या रेघेनंतरचा भागही मालकाच्या मर्जीचा. त्यामुळे 'अमुक.नेट/माझीबँक.कॉम/सुरक्षित' यात बँकेचं काही नाही. पत्त्यात मध्येच ॲट चिन्ह असेल तर त्याआधीचं सगळं ब्राउझर वापरकर्त्याचं नाव समजतो आणि खरा पत्ता चिन्हानंतर सुरू होतो.

अक्षरांचे चकवे वेगळे. रोमन लिपीतली छोटी आर आणि एन ही अक्षरं शेजारी आली की एम वाटतात. लहान एल, मोठा आय आणि 1 हा आकडा अनेक फॉन्टमध्ये सारखेच दिसतात. शून्य आणि ओ यांचंही तेच. त्याहून पुढचा प्रकार म्हणजे सिरिलिक, म्हणजे रशियन वगैरे भाषांच्या लिपीतली अक्षरं. तिथला 'ए' रोमन 'ए'सारखा हुबेहूब दिसतो, पण संगणकाच्या लेखी वेगळा असतो. 2017 साली एका संशोधकाने संपूर्ण सिरिलिक अक्षरांतून ॲपलच्या नावाचं डोमेन नोंदवून दाखवलं होतं. काही ब्राउझरमध्ये ते तंतोतंत खरं दिसायचं. आता ब्राउझर अशी बरीच नावं उलगडून दाखवतात. त्यांची सुरुवात 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी होते. असा पत्ता अनपेक्षितपणे दिसला तर टॅब बंद करा.

पत्ता अस्सल असूनही फसवणूक होऊ शकते, हेही लक्षात ठेवायला हवं. गूगल फॉर्म किंवा फाइल शेअर करण्याच्या सेवेवर कुणीही पान बनवू शकतो. डोमेन गूगलचं, प्रश्न भामट्याचे. फॉर्मच्या तळाशी पासवर्ड देऊ नका अशी सूचना असते, ती कुणी वाचत नाही. लिंक आखूड करणाऱ्या सेवांमधून आलेली लिंक तर वाचताच येत नाही. अशा वेळी 'वाचता येत नाही' हाच निकाल समजा.

क्यूआर कोड ही पण लिंकच आहे, फक्त चित्रात दडवलेली. मेलमध्ये तो घालण्याचे भामट्याला दोन फायदे असतात. मजकूर तपासणाऱ्या फिल्टरला चित्रातली लिंक सहज दिसत नाही, आणि स्कॅन केल्यावर तुम्ही ऑफिसच्या सुरक्षित संगणकावरून स्वतःच्या फोनवर येता. मेल तुमच्याच स्क्रीनवर उघडा असताना कोड कशाला, साधी लिंक का नाही, एवढा प्रश्न पुरतो.

कुलपाबद्दल थोडक्यात

'ॲड्रेस बारमध्ये कुलूप दिसतंय म्हणजे साइट सुरक्षित' हा सल्ला अजून फिरतो. कुलूप फक्त एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधली वाहतूक कूटबद्ध आहे. समोर कोण आहे याची हमी त्यात नाही. 'लेट्स एन्क्रिप्ट'सारख्या सेवेकडून डोमेनधारकाला त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळतं, भामट्यालाही. हा गैरसमज इतका घट्ट बसला की गूगलने 2023 साली क्रोममधून कुलपाचं चिन्हच काढून टाकलं.

पायरी 4: अटॅचमेंट

अपेक्षित नसलेली फाइल उघडू नका, हे सगळ्यांना पाठ असतं. प्रत्यक्षात चूक इतर ठिकाणी होते.

विंडोज नेहमीच्या फाइलींचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटी फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं, मुळात लपवून ठेवतं. त्यामुळे 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल 'बिल.पीडीएफ' अशी दिसते. मे 2000 मध्ये जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' या वर्मने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने, हीच युक्ती वापरली. टेक्स्ट फाइल वाटावी असं नाव, शेवटी लपलेलं व्हीबीएस, म्हणजे उघडताच चालणारा प्रोग्राम. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' हा पर्याय आजच चालू करा.

वर्ड आणि एक्सेलमधल्या मॅक्रोंचा, म्हणजे फाइलमध्ये दडवता येणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा, जोर 2022 नंतर ओसरला. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने मुळातच अडवायला सुरुवात केली. मग भामटे आयएसओ, एलएनके, वननोट अशा फाइलींकडे वळले. पासवर्ड लावलेली झिप आणि तो पासवर्ड मेलमध्येच दिलेला, हाही नेहमीचा नमुना. कुलपासोबत किल्लीही पाठवायची असेल तर कुलूप कशासाठी? अँटीव्हायरसला आत डोकावता येऊ नये, यासाठी.

एचटीएमएल अटॅचमेंट तर निव्वळ लॉगिनचं पान असतं, इंटरनेटवर न ठेवता थेट तुमच्या हातात दिलेलं. ती उघडल्यावर ॲड्रेस बारमध्ये वेबपत्त्याऐवजी तुमच्याच संगणकावरच्या फाइलचा मार्ग दिसतो. असं पान पासवर्ड मागत असेल तर पुढे विचार करायची गरज नाही.

स्पॅम फोल्डरमधून काही बाहेर काढताना दोनदा विचार करा. 2011 साली आरएसए या सुरक्षा कंपनीतच घुसखोरी झाली, तिची सुरुवात भरतीच्या योजनेचं नाव दिलेल्या एका एक्सेल फाइलने झाली होती. फिल्टरने आपलं काम चोख केलं होतं, मेल जंकमध्येच पडला होता. कर्मचाऱ्याने तो तिथून काढून उघडला.

फाइल बघणं खरंच गरजेचं असेल तर डाउनलोड न करता मेलसेवेच्या स्वतःच्या प्रीव्ह्यूमध्ये बघा. मात्र त्या प्रीव्ह्यूमध्ये 'पूर्ण पाहण्यासाठी इथे क्लिक करा' असं मोठं बटण दिसलं तर तिथून परत फिरा.

पायरी 5: आपल्या वाटेने जा

वरच्या चारही पायऱ्या चुकू शकतात. ही चुकत नाही, म्हणून एकच सवय लावायची असेल तर ही लावा. 'खात्यात संशयास्पद हालचाल' असा मेल आला की मेल तसाच ठेवा. नवा टॅब उघडा, बुकमार्कवरून किंवा पत्ता स्वतः टाइप करून, नाहीतर अधिकृत ॲपमधून आत जा. खरंच काही असेल तर लॉगिन केल्यावर सूचनांमध्ये दिसेल. दिसलं नाही तर मेलचं काम संपलं. सर्च इंजिनमध्ये नाव टाकून पहिल्या निकालावर क्लिक करू नका, वरच्या जाहिरातींमध्येही बनावट साइट असतात.

ही सवय का हवी, हे 2016 सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतल्या एका मेलवरून कळतं. हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखांना 'पासवर्ड बदला' असा गूगलच्या नावाने मेल आला. सहकाऱ्यांनी तो तांत्रिक कर्मचाऱ्याला दाखवला, म्हणजे नियमाप्रमाणे विचारणाही झाली. त्याने 'मेल खरा आहे' असं उत्तर दिलं. 'खरा नाही' असं लिहायचं होतं, असं त्याने नंतर सांगितलं. त्याच उत्तरात त्याने गूगलच्या खऱ्या पानाचा पत्ताही दिला होता. तो वापरला असता तर चुकीचं उत्तरही पचून गेलं असतं. पण क्लिक झालं ते मूळ मेलमधल्या लिंकवर.

या सवयीचा जोडीदार म्हणजे पासवर्ड मॅनेजर. लोक तो पासवर्ड लक्षात ठेवायला नको म्हणून घेतात. त्याचा मोठा उपयोग वेगळाच आहे. तो पान बघत नाही, डोमेन बघतो. खाते-तपासणी.नेटवर माझीबँक.कॉमचा पासवर्ड तो आपणहून भरत नाही. आर-एन आणि एम यांत त्याचा घोळ होत नाही, सिरिलिक अक्षरांना तो फसत नाही. म्हणून एक नियम करा: पासवर्ड मॅनेजर गप्प राहिला तर आपणही थांबायचं.

हा नियम मोडणं किती सोपं आहे पाहा. फुटलेल्या खात्यांची माहिती शोधून देणारी 'हॅव आय बीन पोन्ड' ही सेवा चालवणारे ट्रॉय हंट मार्च 2025 मध्ये फिशिंगला फसले. लांबच्या विमानप्रवासानंतरचा थकवा होता, मेल बेताने घाबरवणारा होता. पासवर्ड आपोआप भरला गेला नाही, तरी त्यांनी तो हाताने टाकला, ओटीपीही टाकला. काही मिनिटांत चूक लक्षात आली, तोवर त्यांच्या ईमेल न्यूजलेटरच्या सुमारे 16,000 आजी-माजी वर्गणीदारांची यादी निघून गेली होती. काही खऱ्या साइट लॉगिनसाठी दुसरं डोमेन वापरतात, त्यामुळे मॅनेजर कधी कधी खऱ्या ठिकाणीही गप्प बसतो. आपल्याला त्याची सवय होते, आणि तिथेच घात होतो.

ओटीपी असूनही?

होय. आजचं फिशिंगचं पान बऱ्याचदा मध्यस्थ असतं. तुम्ही पासवर्ड टाकता, ते पान तो लगेच खऱ्या साइटवर टाकतं. खरी साइट ओटीपी पाठवते, तुम्ही तो बनावट पानावर देता, तेही पुढे सरकवलं जातं. लॉगिन झाल्यावर मिळणारी सेशन कुकी, म्हणजे तुम्ही आत आहात हे साइटला सांगणारी खूण, भामट्याकडे राहते, आणि मग त्याला पासवर्डचीही गरज उरत नाही. तरीही ओटीपी बंद करू नका. फुटलेले पासवर्ड वापरून होणारे सरधोपट हल्ले त्याने अडतात.

मध्यस्थाला अडवतात पासकी (पासवर्डऐवजी वापरायची, उपकरणात साठवलेली डिजिटल किल्ली) आणि सुरक्षा की (त्याच कामाचं छोटं वेगळं उपकरण). त्या विशिष्ट डोमेनशी बांधलेल्या असतात, दुसऱ्या डोमेनवर त्या चालतच नाहीत, मग तुम्ही कितीही फसलेले असा. गूगलने 2017 पासून आपल्या 85,000 हून अधिक कर्मचाऱ्यांना सुरक्षा की सक्तीची केली. त्यानंतर कामाच्या खात्यांवर फिशिंग यशस्वी झाल्याची एकही नोंद नाही, असं कंपनीने 2018 मध्ये सांगितलं. सगळ्या खात्यांना पासकी लावायला वेळ नसेल तर मेलच्या खात्यापासून सुरुवात करा. बाकी सगळ्यांचे पासवर्ड बदलायची लिंक तिथेच येते.

पासवर्ड न मागणारे सापळे

मे 2017 मध्ये एक मेल पसरला: ओळखीच्या कुणीतरी गूगल डॉक्स शेअर केलंय. लिंक खऱ्या गूगलच्या पानावर जायची, पासवर्ड कुणी मागत नव्हतं. फक्त 'गूगल डॉक्स' नावाचं ॲप तुमचे मेल वाचायची आणि पाठवायची परवानगी मागायचं. ते नाव एका परक्या ॲपने घेतलं होतं. अशी दिलेली परवानगी पासवर्ड बदलला तरी शिल्लक राहू शकते. खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जोडलेल्या ॲपची यादी असते, तिथून ती काढावी लागते.

दुसरा प्रकार अलीकडचा. 'मी रोबो नाही' असं पान येतं आणि पडताळणीसाठी विंडोज व आर ही बटणं दाबा, मग कंट्रोल व व्ही, मग एंटर, असं सांगतं. पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. रोबो नसल्याची कुठलीही खरी पडताळणी ब्राउझरच्या बाहेर जायला सांगत नाही.

तिसरा पैशांचा. पुरवठादाराचा मेल येतो, 'आमचं बँक खातं बदललं आहे'. लिथुआनियातल्या एका माणसाने 2013 ते 2015 दरम्यान एका खऱ्या पुरवठादार कंपनीच्या नावाने बनावट बिलं पाठवून गूगल आणि फेसबुककडून 12 कोटी डॉलरहून अधिक रक्कम काढली. 2019 मध्ये त्याला 5 वर्षांची शिक्षा झाली. यावर उपाय जुनाच: खाते क्रमांक बदलल्याचं कळलं की आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करायचा. मेलच्या तळाशी दिलेल्या नंबरवर अजिबात नाही.

क्लिक झालं. आता?

काय झालं त्यावर पुढचं ठरतं.

फक्त लिंक उघडली, काही टाइप केलं नाही, काही डाउनलोड झालं नाही: टॅब बंद करा, डाउनलोड फोल्डर बघा, ब्राउझर अपडेट करा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

पासवर्ड दिला गेला: इथे मिनिटं मोलाची, आणि क्रमही महत्त्वाचा. फाइलही उघडली असेल तर दुसऱ्या उपकरणावरून करा.

1. खऱ्या साइटवर जाऊन पासवर्ड बदला.
2. सगळीकडून साइन आउट करा. हे राहिलं तर चोरलेली सेशन कुकी चालूच राहू शकते.
3. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला पर्यायी मेल आणि फोन नंबर तुमचेच आहेत का पाहा. दोन टप्प्यांच्या पडताळणीत नवं उपकरण किंवा अनोळखी पासकी जोडलेली दिसली तर काढा.
4. फिल्टर आणि फॉरवर्डिंग तपासा.
5. जोडलेली ॲप आणि ॲप पासवर्ड तपासा.
6. तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल तिथे बदला.

चौथा मुद्दा सर्वाधिक वेळा राहून जातो. जीमेलमध्ये 'सी ऑल सेटिंग्ज' उघडून 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस' आणि 'फॉरवर्डिंग' हे दोन्ही भाग बघा. आउटलुकमध्ये 'रूल्स'. घुसखोर तिथे नियम घालून ठेवतो. नियमाचं नाव नुसता एक ठिपका असू शकतं. 'बिल', 'पासवर्ड', 'फिशिंग' असे शब्द असलेला प्रत्येक मेल वाचलेला म्हणून खूण करून 'आरएसएस फीड्स'सारख्या कुणी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये टाकायचा, हे त्या नियमाचं काम. मग तो तुमच्या नावाने पत्रव्यवहार करतो आणि आलेली उत्तरं तुम्हाला दिसत नाहीत. पाठवलेले आणि डिलीट केलेले मेलही चाळा.

कार्डाचा तपशील किंवा बँकेचा ओटीपी दिला गेला: आधी बँक. कार्डामागच्या नंबरवर फोन करून कार्ड आणि नेटबँकिंग बंद करायला सांगा, बाकीचं नंतर.

फाइल उघडली किंवा आज्ञा चालवली: वायफाय बंद करा, केबल काढा. ऑफिसचा संगणक असेल तर तो बंद किंवा फॉरमॅट न करता आयटी विभागाला कळवा, मेमरीतले पुरावे त्यांना लागतात. घरचा असेल तर पूर्ण स्कॅन करा. त्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड गेले असं धरून दुसऱ्या उपकरणावरून ते बदला. शंका उरलीच तर विंडोज नव्याने टाकणं हाच खात्रीचा इलाज.

फोनवर कुणाचं तरी ऐकून त्याला संगणकाचा ताबा दिला: जोडणी तोडा, ते ॲप काढा, आणि वरचं सगळं करा.

कळवायचं कसं

मेल डिलीट करण्याआधी रिपोर्ट करा. जीमेलमध्ये तीन ठिपक्यांच्या मेनूत 'रिपोर्ट फिशिंग' असतं, ते 'रिपोर्ट स्पॅम'पेक्षा वेगळं आहे. आउटलुकमध्ये 'रिपोर्ट' बटणाखाली फिशिंगचा पर्याय मिळतो. ऑफिसात लाजेपोटी गप्प राहण्याने सर्वाधिक नुकसान होतं, कारण तोच मेल शेजारच्या टेबलावरही पोहोचलेला असतो. स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झुरिचच्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीतल्या 14,000 हून अधिक कर्मचाऱ्यांवर 15 महिने प्रयोग केला. खोट्या फिशिंगला फसल्यावर लगेच दाखवलेल्या धड्याच्या पानाने लोक अधिक सावध झाले नाहीत. उलट, मेल रिपोर्ट करायचं बटण मात्र उपयोगी ठरलं, आणि इतके महिने उलटूनही लोक ते कंटाळून सोडून देत नव्हते.

असं बटण नसेल तर मेल साधा फॉरवर्ड करू नका. 'फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट' निवडा. साध्या फॉरवर्डमध्ये मूळ हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाची नोंद, गळून पडतं, स्क्रीनशॉटमध्ये तर ते नसतंच, आणि मेल कुठून आला हे शोधणाऱ्याला नेमकं तेच लागतं.